समासातली ओळ

ही गोष्ट खरी आहे. पटली तर पटली, नाही तर सोडून द्या. मी शपथा घेत बसणार नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावशी आहे, आणि तिनं आयुष्यात एकदाच खोटं लिहिलं. तेच सांगायचं आहे.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही नाही.

मंगळवार होता. भर दुपार. पावणेतीन वाजले होते, बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं, आणि मावशी ऑफिसच्या तळघरात एकटी बसली होती.

निदान तिला तरी तसं वाटत होतं…

मावशी सरकारी दप्तरखान्यात कामाला होती. जन्म-मृत्यूच्या, लग्नाच्या, दत्तकाच्या शंभर-शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदवह्या तिथे तळघरात ठेवलेल्या. लोक अर्ज करायचे, आणि मावशी मूळ पान समोर ठेवून हातानं नक्कल उतरवून द्यायची. हातानं अशासाठी, की पानं पार जीर्ण. मशीनवर पालथी घातली की तुकडे हातात यायचे. नक्कल झाली की खाली लिहायचं : 'मुळाप्रमाणे खरी नक्कल. एकही अक्षर कमी-जास्त नाही.' मग सही, शिक्का.

एकतीस वर्षं तिनं हे केलं. तिच्या हातची नक्कल कोर्टात कुणी दुसऱ्यांदा तपासत नसे. तिला त्याचा अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

वह्या काढून आणायला एक म्हातारा दप्तरी होता. जन्म सगळा तळघरात गेलेला, अंधारातही बरोबर कपाट शोधायचा. सगळे त्याला तोंडावर उंदीरमामा म्हणायचे. त्यालाही ते आवडायचं. "उंदीर निदान कागद वाचल्याशिवाय खातो," म्हणायचा, "साहेब लोक न वाचता सही करतात."

तर त्या वर्षी निवडणूक होती.

एक पुढारी उभा होता. त्याचं एकच पालुपद : 'आधी मूळ दाखवा.' ज्याचा आजा-पणजा जुन्या नोंदींत नाही, त्यानं सरकारी घर सोडावं. आमच्या सात पिढ्या याच मातीत गेल्या, असं तो प्रत्येक सभेत छाती ठोकून सांगायचा.

मावशीचं घर सरकारी चाळीत होतं, दोन खोल्यांचं. काका वारले होते. काकांचे आईवडील कधीकाळी दुरून आले होते, अंगावरच्या कपड्यांनिशी. त्यांची नोंद कुठून असणार? चाळीतली निम्मी घरं तशीच. शेजारीण तर आत्तापासूनच भांडी खोक्यात भरायला लागली होती.

आणि नोंदीत नसलेल्या माणसांची यादी कोण करणार? मावशीचंच खातं. म्हणजे आपल्याच हातानं आपलं नाव खोडायचं.

अशात काकांच्या मित्राचा मुलगा मावशीकडे आला. तो वार्ताहर होता. म्हणाला, हा माणूस इतके नाकानं कांदे सोलतोय, तर त्याच्या सात पिढ्या एकदा आपण मोजून बघू. पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुन्या नोंदी, आणि मृत्यूच्या तर केव्हाच्याही, कुणालाही बघता येत. त्यानं रीतसर अर्ज केला. मावशीनं रीतसर तो घेतला. इथवर कुणाचं काही चुकलं नव्हतं.

तीन आठवडे मावशी शोधत होती. पुढाऱ्याच्या बापाची बाजू स्वच्छ निघाली. वह्या जातात तिथवर पाच पिढ्या एका सरळ रेषेत, बोट ठेवायला जागा नाही. वार्ताहराचा चेहरा पडला.

मग मावशी आईच्या बाजूला वळली.

पुढाऱ्याच्या आईचे आईवडील कापडाचे दुकानदार होते. त्यांच्या लग्नाची नोंद सापडली. दुकानाच्या परवान्याची सापडली. मुलीच्या जन्माची मात्र… कुठेच नाही.

दत्तकाच्या वहीत एक ओळ होती. तिच्यापुढे बालगृहाच्या नोंदवहीचा क्रमांक.

त्या मंगळवारी उंदीरमामानं ती वही आणून दिली. फुंकर मारून धूळ उडवली आणि तो चहा प्यायला वर गेला. त्याच्या चपलांचा आवाज जिन्यावरून वर गेला, दार लागलं.

मावशीनं पान उघडलं.

मुलगी. वय अंदाजे अकरा दिवस. आणून देणार : आई. आईचं मूळ ठिकाण : सांगत नाही. बापाचं नाव… रकाना कोरा.

खाली अंगठा उठवलेला. अंगठ्याशेजारी आईचं नाव. मावशीनं मला ते सांगितलं आहे, मी इथे लिहीत नाही.

सापडलं होतं. सात पिढ्या सांगणाऱ्याच्या आजीला गावच नव्हतं. मावशी म्हणते, तेव्हा खरंच आनंद झाला. त्याचे दात त्याच्याच घशात.

आणि मग तिला समास दिसला.

पानाच्या डाव्या कडेला, तिरक्या बारीक अक्षरात, दोन ओळी होत्या :

'मुलीस कधीही सांगू नये.

उजव्या कुशीवर लवकर झोपते.'

मावशीचा हात थांबला.

तिला नियम तोंडपाठ होता. पानावर असा शेरा असेल तर ते पान बंद. साहेबांकडे न्यायचं. साहेब आधी त्या घरच्यांना विचारणार, मग काय ते ठरवणार. म्हणजे अर्ज तिथेच बसला. निवडणुकीला एकोणीस दिवस उरले होते.

तिनं नक्कल उतरवायला घेतली. एकेक रकाना. सावकाश, वळणदार.

समासापाशी आली, आणि…

थप.

मावशीनं मान वर केली. कुणी नव्हतं.

थप… थप… थप…

हळू. एका लयीत. आधी तिला वाटलं, उंदीरमामा पलीकडच्या रांगेत वह्या झटकतोय. पण तो तर वर होता. आणि वह्या झटकल्याचा आवाज कोरडा येतो. हा तसा नव्हता.

हा आवाज प्रत्येक बाई ओळखते. पाठीवर, पांघरुणावरून, हलक्या हातानं…

कुणीतरी तान्ह्या पोराला थोपटत होतं.

कपाटांच्या कोणत्या रांगेतून येतोय ते कळेना. डावीकडे बघितलं की उजवीकडून. मावशीच्या मानेवर काटा आला. तिनं नजर कागदावर खिळवली आणि समास सोडून दिला. सरळ खाली उतरली.

'मुळाप्रमाणे खरी नक्कल. एकही अक्षर कमी-जास्त नाही.'

सही केली. शिक्का उचलला. उमटवला.

आवाज थांबला.

एकदम. जसा कुणी हात वरच्या वर धरावा.

चार दिवसांनी बातमी आली. 'मूळ दाखवा म्हणणाऱ्याची आई कुणाची?' मोठ्या अक्षरांत, सोबत मावशीच्या सही-शिक्क्याची नक्कल छापलेली. गावभर तोच विषय. त्याच्या सभांतून मागची पोरं ओरडायची, "आजीचं गाव सांगा." तो बोलायला उभा राहिला की हशा. निकाल लागला, तो पडला.

चाळीत सगळे खूश. शेजारणीनं भांडी खोक्यातून परत काढली. मावशीलाही आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटत होतं.

ते चारच दिवस टिकलं.

पाचव्या दिवशी ऑफिसात कुणीतरी बोललं. त्या पुढाऱ्याची आई एक्याऐंशी वर्षांची. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आपण दुकानदाराची लेक, एवढंच ती जन्मभर धरून चालली होती. शेजारची एक बाई, हिला माहीत असेल या समजुतीनं, पेपर घेऊन बसली आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवला.

तेव्हापासून म्हातारी झोपली नव्हती. पलंगावर बसून असायची. रात्रंदिवस. पाठ टेकायचीच नाही.

मावशी त्या दिवशी जेवली नाही. कुणी विचारलं तर पोट बिघडलंय म्हणाली.

आणि मग नकला परत यायला लागल्या.

आधी एक बाई आली. तिला इस्पितळासाठी आईच्या जन्माची नोंद हवी होती. खिडकीत कागद ठेवून म्हणाली, "ताई, हे काय लिहिलंय कडेला?"

मावशीनं बघितलं.

डाव्या समासात, तिरक्या ओळीत : 'मुलीस कधीही सांगू नये.'

अक्षर मावशीचं होतं. शाई तिच्या पेनाची. लिहिल्याचं काडीचंही आठवत नव्हतं.

तिनं माफी मागितली, नवी नक्कल दिली, देण्याआधी दोनदा वाचली. पण आठवड्यात एक सर्व्हेअर आला, तोच प्रकार. मग एक वकील. मग थेट साहेबांनी बोलावलं आणि सात नकला टेबलावर पसरल्या. सातही समासांत तीच ओळ. साहेब भला माणूस. म्हणाला, बाई, तुमची तब्येत बरी नाही, रजा घ्या.

मावशीला एकच गोष्ट खटकत होती. दुसरी ओळ, ती कुशीवर झोपण्याची, एकाही कागदावर आली नव्हती.

रजेवर जायच्या आदल्या दिवशी, दुपारी, तो आला.

पुढारी. एकटा. बरोबर कुणी नाही, अंगात साधा शर्ट, हातात टोकन. रांगेत अर्धा तास उभा होता. लोक त्याला ओळखून एकमेकांना कोपरानं ढोसत होते, त्याचं लक्ष नव्हतं.

मावशीला वाटलं, आता हा आरडाओरडा करणार. तिनं खिडकीची कड घट्ट धरली.

त्यानं छापील नक्कल पुढे केली. "ही तुमची सही?"

"हो."

"त्या पानावर आणखी काही होतं का?"

मावशीनं टेबलावरचा शिक्का उगाच सरळ केला.

"मी भांडायला आलेलो नाही," तो म्हणाला. "आई विचारते. तिला गावाचं, बापाचं काही पडलेलं नाही. ती म्हणते, अकरा दिवसांचं पोर दारात देऊन कुणी एक शब्दही न बोलता जाईल का? एवढंच विचारते. सारखं."

आता सांगायला हवं होतं. मावशी म्हणते, शब्द ओठांवर आले होते. पण मागे रांग होती, शेजारी दोन कारकून होते, आणि एकतीस वर्षांची सही होती.

"मुळात असतं तेवढंच नकलेत येतं," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. कागदाची नीट घडी घातली आणि गेला.

त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर मी तरले असते, असं मावशी अजून म्हणते.

खिडकी बंद करून ती तळघरात धावली. उंदीरमामाला म्हणाली, बालगृहाची वही काढ. त्यानं काढली. तिनं पान उघडलं. तेच पान, तोच अंगठा, तोच कोरा रकाना.

समास रिकामा होता.

खोडल्याची खूण नाही. खरवडल्याची नाही. शाईचा डागसुद्धा नाही. उंदीरमामानं चष्मा वर करून पान उजेडात धरलं. म्हणाला, बाई, इथे कधी कुणी पेन टेकवलेलं नाही.

मग त्यानं समासावर तळवा ठेवला, आणि…

झटकन काढून घेतला.

"काय झालं?"

त्यानं वही तिच्याकडे सरकवली. "हात लावून बघा."

मावशीनं बोटं टेकवली. त्या गार तळघरात, कित्येक वर्षं उन्हाचा कवडसा न पाहिलेल्या त्या वहीत, तेवढी पट्टी कोमट होती.

"आत्ताच कुणीतरी निजून उठल्यासारखी," उंदीरमामा म्हणाला. त्यानं वही बंद केली. त्यानंतर त्यानं ती वही कधी हातात घेतली नाही.

शनिवारी दुपारी मावशी पुढाऱ्याच्या घरी गेली. स्वतःच्या आईलासुद्धा, म्हणजे माझ्या आजीला, तिनं सांगितलं नव्हतं.

दार त्यानंच उघडलं. मावशी उंबऱ्यातच बोलली. समासात दोन ओळी होत्या, मी त्या मुद्दाम गाळल्या, आणि तुमच्याशी खिडकीत खोटं बोलले. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते तिला सांगता येत नाही. त्यानं बाजूला होऊन आत जायला वाट दिली. बस.

आतल्या खोलीत म्हातारी पलंगावर बसली होती. पाठ ताठ. डोळे खोल गेलेले. खिडकीतून ऊन तिच्या पायांवर पडलं होतं. मावशी समोरच्या खुर्चीवर बसली. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून तिनं त्या ओळी म्हटल्या. आधी पहिली. मग दुसरी.

म्हातारीनं मावशीकडे मान वळवली.

मग म्हणाली, "तिनं नको सांगू म्हटलं होतं?"

"हो."

"ते तू वाचलंस?"

"वाचलं."

"आणि तरी सांगितलंस. गावाला. आणि आज मला."

मावशीनं मान खाली घातली. माफ करा म्हणायला आली होती. तो शब्द तोंडातच राहिला. मागायला तोंडच नव्हतं.

म्हातारीनं पाय वर घेतले. पायथ्याचं पांघरूण अंगावर ओढून हळूहळू आडवी झाली. चाळीस दिवसांत पहिल्यांदा. भिंतीकडे तोंड केलं.

उजव्या कुशीवर.

बाहेर रस्त्यावर एक गाडी आली. मग तीही गेली.

आणि…

थप.

थप… थप…

मावशीनं डोळे मिटून घेतले. पण पुढारी दारात उभा होता, त्यानं सगळं बघितलं, आणि पुढे कधीतरी त्यानंच ते मावशीला सांगितलं. आधी त्यानं मावशीच्या हातांकडे बघितलं. दोन्ही मांडीवरच होते. मग त्यानं आईच्या पाठीकडे बघितलं.

पांघरूण तिच्या पाठीवर दबत होतं. हलकंसं. आणि परत वर येत होतं. पुन्हा दबत होतं.

एका लयीत.

तो चौकटीला टेकला. खाली जमिनीवर बसला. त्याची आई झोपली होती, लहान मूल झोपतं तशी, तोंड किंचित उघडं टाकून.

मावशी केव्हा उठली, घरी कशी आली, तिला आठवत नाही.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "आई गेली. झोपेतच." एवढंच बोलून ठेवला. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं.

त्यानं तक्रार कधीच केली नाही. मावशीनंच सोमवारी सगळं लिहून साहेबांना दिलं. समासातल्या ओळीचा पुरावा नव्हता, त्यामुळे साहेबांना काय करावं ते कळेना. शेवटी तिला नकलांवरून काढून टोकन वाटायला बसवलं. निवृत्त होईपर्यंत तिनं टोकनं वाटली.

पुढच्या निवडणुकीत तो परत उभा राहिला. तोच विषय, तेच पालुपद. फक्त आता तो सात पिढ्या म्हणत नसे. निवडून आला. यादी झाली. चाळ रिकामी झाली. ज्या घरासाठी मावशीनं हे केलं, ते घरही गेलं. ती आता आमच्याकडे राहते.

तो आवाज तिला पुन्हा आला का, हे तिनं मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलंही नाही. पण दुपारी सगळं घर आडवं होतं तेव्हा मावशी खुर्चीत बसून असते.

आणि दर मंगळवारी दप्तरखान्यात जाते. साधी अर्जदार म्हणून, रांगेत उभी राहून. ती त्या आईला शोधते आहे. कुठे गेली, कधी वारली, कुठे पुरली की जाळली. निदान तेवढं तरी कळावं म्हणून.

मीही दोन-तीनदा सोबत गेले. इतक्या बारकाईनं वह्या बघणारं माणूस मी पाहिलेलं नाही. मृत्यूच्या नोंदी, ऐंशी-नव्वद वर्षांच्या. इस्पितळांच्या. तुरुंगाच्या. पुरात वाहून आलेल्यांच्या. त्या नावाची, त्या अंगठ्याची, त्या वयाची बाई…

कुठेच नाही.

आज ती असती तर शंभरीच्या पुढे असती. मी म्हटलं, मावशी, नोंद करायची राहून गेली असेल, किती जणांची राहते.

ती म्हणाली, "एकतीस वर्षं मी खिडकीतून लोकांना एकच सांगत आले. नोंद नसेल, तर आमच्या लेखी तो माणूस मेलेला नाही."

आता एकच वही राहिली आहे. बेवारस प्रेतांची. उंदीरमामाच्या जागी आलेल्या माणसानं ती दोनदा काढून टेबलावर ठेवली. मावशीनं दोन्ही वेळा न उघडता परत केली.

मी विचारलं, का?

"त्यात ती सापडली तर बरंच आहे," मावशी म्हणाली.

मग पिशवी खांद्याला अडकवत, "आणि नाही सापडली तर?"

वही अजून तिथेच आहे. मंगळवार परवावर आला आहे.